भिंगरी आणि पुढची खोली

"अगं, बस की जरा!"

हे वाक्य माझ्या मावशीने आयुष्यात जितक्या वेळा ऐकलंय, तितक्या वेळा तिला तिच्या नावाने कुणी हाकही मारली नसेल. नाव तर कधीच मागे पडलं. अख्खी गल्ली तिला भिंगरी म्हणते. पोस्टमन, बेकरीवाला, दवाखान्यातली नर्स, सगळे. बसली तरी ती एका पायावर बसते, दुसरा पाय आधीच उठून गेलेला असतो. जेवते उभ्याने, ओट्याला टेकून. फोनवर बोलताना पूर्वी वायर पुरेल तेवढं फिरायची. बिनवायरचा फोन आला, तेव्हा एकदा बोलता बोलता कोपऱ्यावरच्या बेकरीपर्यंत पोचली आणि पलीकडच्या माणसाला म्हणाली, "थांबा हं, मी घरी जाऊन तुमच्याशी नीट बोलते."

आणि नवरा मिळाला तो बसणारा. काका किनाऱ्यावर जीवरक्षक होते. उंच लाकडी खुर्ची, गळ्यात शिट्टी, समोर समुद्र. नोकरीचा सगळा काळ त्यांनी त्या खुर्चीत काढला. गल्ली त्यांना शिट्टीकाका म्हणते.

"माझा नवरा बसायचा पगार घेतो," मावशी कुणालाही सांगायची.

"आणि हिला तो घ्यायला पाठवलं असतं, तर आम्ही उपाशी मेलो असतो," काका म्हणायचे.

असं हे घर. त्यात एक खुर्ची आणि एक भिंगरी.

त्या घराची गोष्ट कळायची, तर आधी आमच्या उपनगराची एक खोड कळली पाहिजे. आज दोन्ही बाजूंना उंच इमारती आहेत आणि मधे आमची ही बुटकी गल्ली, सगळे दात आले तरी न पडलेल्या दुधाच्या दातासारखी. पण एके काळी इथे वाळूच्या टेकड्या, काटेरी झुडपं आणि होड्यावाल्यांची ही एवढीच घरं होती. मग शहरातून ट्राम आली. ट्रामच्या मागून शहरातले डॉक्टर आले आणि त्यांनी ठरवलं, की कमजोर छातीला इथली हवा मानवते. हवा होती, पण खोकणाऱ्या माणसांनी राहायचं कुठे? एक मास्तर खोकत खोकत मावशीच्या आजीच्या दारात उभा राहिला. तिला नाही म्हणता येईना. तिने पुढची खोली त्याला दिली आणि पोराबाळांसकट मागच्या जाळी ठेवायच्या शेडमध्ये राहायला गेली. आमच्या घरात कुणालाही 'नाही' म्हणता येत नाही, ते तेव्हापासून.

हळूहळू सगळी गल्ली तेच करायला लागली. जाळी गेली, रोगी गेले, त्यांच्या जागी सुट्टीवाले आले. दगडी बांध घातल्यावर समुद्राने वाळू खाल्ली, आणि आता सीझनच्या आधी ट्रकने वाळू आणून नाटकाच्या सेटसारखी पसरतात. पण खोड तीच राहिली. उन्हाळा लागला की घरोघरची माणसं मागच्या शेडमध्ये जातात आणि पुढची, समुद्राकडे खिडकी असलेली खोली पाहुण्यांना देतात. ह्याला गल्लीत 'मागे जाणं' म्हणतात. सीझन संपला की 'पुढे येणं'. लोक आपल्या आयुष्याचा हिशोबही तसाच सांगतात: "आम्ही मागे गेलो होतो ना, तेव्हा सासरे वारले," किंवा "धाकटीचा दात पुढे आल्यावर पडला." गल्लीतल्या सगळ्या पोरांचे वाढदिवस वर्षाच्या एकाच भागात का येतात, असं मी लहानपणी विचारलं होतं. मावशी म्हणाली, "मागच्या खोलीतल्या खाटा अरुंद आहेत," आणि पळाली.

मागे जायचं म्हणजे नुसतं झोपायची जागा बदलायची नाही. भिंतीवरचे फोटो उतरवायचे, कपाट रिकामं करायचं, कंगव्यातले केस काढायचे, उशांचे अभ्रे बदलायचे. मावशीच्या आईची शिकवण होती, "खोली भाड्याची दिसली पाहिजे, माणसाची नाही." पाहुण्याला असं वाटलं पाहिजे, की ही खोली त्याचीच वाट बघत वर्षभर कुलूप लावून बसली होती. पाहुण्यांना नावंही नसतात. ते 'पहिल्या आठवड्याचे', 'दुसऱ्या आठवड्याचे', आणि एक 'ओल्या टॉवेलचे' होते, ते कुठल्याही आठवड्यात आले तरी तेच.

मीही सुट्टीत यायची ती मागच्याच खोलीत; आता शहरात नाटकं करते, तरी उन्हाळ्याआधी येतेच. पत्र्याचं छप्पर, बिनखिडकीच्या भिंती आणि एका फळीपलीकडे कुणाचीतरी सुट्टी.

ह्या वर्षी थंडीत काकांच्या डोळ्यांनी गडबड केली. आधी वर्तमानपत्रातली ओळ मधूनच गायब व्हायची. मग घड्याळाचे काटे. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की दृष्टीच्या मधोमध डाग पडतोय, तो वाढणार. "मधलं जाईल, कडा राहतील. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत किती राहील, सांगता येत नाही."

घरी आल्यावर काकांनी चपला जागेवर ठेवल्या. मग म्हणाले, "ह्या उन्हाळ्यात मला पुढच्या खोलीत राहायचंय."

मावशी तेव्हा पडदे काढत होती. तशीच स्टुलावर उभी राहिली.

"समुद्र बघायला?" तिने विचारलं. "अहो, आयुष्यभर दुसरं केलंत काय?"

"समुद्र नाही गं. माणसं." काकांनी गळ्याशी हात नेला, जिथे शिट्टी असायची. "पोहणारी माणसं मी कधी बघितलीच नाहीत. मी फक्त बुडू शकणारी माणसं बघितली. दिसलं डोकं, की हे परत वर येतंय का, एवढंच. एकदा तरी काळजी न करता बघायचंय. तुझ्या खिडकीतून. चहा पीत. बाकी काही नको."

आयुष्यात त्या माणसाने मागितलेली ही पहिली गोष्ट. भाड्याची गरज आता राहिली नव्हती, मुलगा दूरदेशी का होईना, मार्गी लागला होता. मावशी म्हणाली, "बस्स? एवढंच? दिली खोली. यंदा कुणी नाही. यंदा तुम्हीच पाहुणे."

काकांचा पलंग खिडकीला लागला. ते उशीला टेकून बसायचे, पण मान जरा वळवून, भलतीकडेच बघितल्यासारखे. मधला डाग चुकवून कडेने बघायची ही त्यांची नवी सवय. मावशीला तिचा राग यायचा.

"माझ्याकडे बघून बोला ना!"

"तुझ्याकडेच बघतोय."

"कपाटाकडे बघताय!"

"कपाटाकडे बघितलं की तू दिसतेस."

"ऐकलंस?" मावशी मला म्हणाली. "इतकी वर्षं झाली लग्नाला, आता प्रेमाचं बोलतात, तेही कपाटाशी."

वाळूचे ट्रक आले. खुर्च्या-छत्र्यांवाले आले. समुद्राकडच्या भिंतीला पांढरा हात मारून झाला. आणि एक दिवस फोन वाजला. मावशी तो घेऊन मागच्या दारातून अंगणात गेली, अंगणातून नळापाशी, नळापासून परत. मी काकांचा चहा गाळत होते. मला तिचं बोलणं तुकड्यातुकड्यात ऐकू येत होतं.

"अय्या, तुम्ही! ...हो हो... नेहमीचीच ना? हो तर! या की! ...नाही नाही, कसलं, तयारच आहे. या या."

फोन ठेवला. मग ती अंगणात जागच्या जागी उभी राहिली. भिंगरी थांबली की मला भीती वाटते. मी बाहेर गेले.

"कोण गं?"

"पहिल्या आठवड्याच्या बाई." तिचा चेहरा पांढरा पडला होता. "त्यांनी विचारलं, 'नेहमीची खोली ना?' आणि मी म्हटलं, या. अगं, 'या' मी म्हटलंच नाही, माझ्या तोंडानेच म्हटलं! मला कळायच्या आत!"

"मग परत फोन कर आणि सांग."

"करते ना. करते. आधी जरा..." आणि ती आत गेली.

ती फोन करतेय असं समजून मी चहा द्यायला पुढच्या खोलीत गेले, तर ही बाई स्टुलावर. काका दुपारचे झोपलेले, आणि ही भिंतीवरचा मुलाचा फोटो काढतेय. लग्नाचा उतरवून झाला होता. आजीचाही.

"मावशी!" मी दबक्या आवाजात ओरडले.

तिने हातातल्या फोटोकडे असं बघितलं, जणू तो कुणीतरी तिच्या हातात कोंबलाय. "अरे देवा," ती म्हणाली. "हे मी कधी काढले?"

तेवढ्यात काका जागे झाले. खिडकीकडे बघून भिंत न्याहाळली. "फोटो कुठे गेले?"

"पुसायला घेतलेत," मावशी म्हणाली. इतकं वाईट खोटं मी तालमीतही कधी ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी तिने एकदाचा फोन लावला. मला शेजारी उभं केलं, धीर द्यायला. पहिल्या आठवड्याच्या बाई म्हणजे शहरातल्या एक शिवणशिक्षिका. त्या आणि त्यांचे यजमान लग्न झाल्यापासून दर उन्हाळ्याचा पहिला आठवडा ह्याच खोलीत काढत आलेले. फोन सुनेने उचलला. मावशी फक्त "हो... हो... अगं बाई... कधी?" एवढंच बोलत होती आणि ओट्याभोवती फिरत होती. शेवटी म्हणाली, "नाही नाही, काही काम नव्हतं. वारा आहे म्हटलं, तेवढी जाड शाल आणायला सांगा त्यांना."

"शाल?" मी म्हटलं.

"त्यांचे यजमान गेले गं ह्या थंडीत." मावशीने ओटा पुसायला घेतला, तो पुसलेलाच होता. "सून म्हणते, आई कित्येक दिवसांनी हसल्या. त्या खिडकीत बसायचं म्हणून. मी काय सांगणार? इकडे एक माणूस खिडकी मागतो, डोळे जायच्या आत. तिकडे एक बाई खिडकी मागते, नवरा गेला म्हणून. आणि खिडकी किती? एक!"

"काकांना विचार ना."

"त्यांना विचारलं की ते 'दे' म्हणणार. म्हणूनच विचारायचं नाही."

दुसऱ्या दिवशी ती समोर गेली. समोर दुर्बीणकाकू राहतात. त्यांना दुर्बीण म्हणतात, कारण गल्लीच्या एका टोकाला कुणी शिंकलं, की दुसऱ्या टोकाला त्या "सर्दी झाली वाटतं" म्हणतात. त्यांच्या खिडकीतून समुद्र अर्धा दिसतो, अर्धी नवी इमारत. तरी आपलीच खोली चांगली, असा त्यांचा दावा, आणि त्यावरून दोघींची जुनी कुरबूर. त्यांच्याकडे काही मागायला जाणं म्हणजे मावशीसाठी जीभ गिळणं. मी पायरीवर उभी राहून ऐकत होते. ऐकायला जवळ जायची गरज नव्हती. त्या बाईंचा आवाज गल्लीभर जातो.

"काय गं भिंगरे, आज माझ्या दारात? वाट चुकलीस की ब्रेक लागला?"

"तुझी खोली रिकामी आहे का पहिल्या आठवड्यात? माझ्या बाईंसाठी हवीय."

"तुझ्या बाईंसाठी? अर्ध्या समुद्राची खोली?" दुर्बीणकाकूंनी हे वाक्य चघळून चघळून म्हटलं. "तूच म्हणाली होतीस ना, माझ्या खिडकीतून समुद्र बघणं म्हणजे दाराच्या फटीतून लग्न बघणं?"

"म्हणाले असेन. आता मागे घेते."

"घे. पण खोली नाही. इमारतीवर काम करणारे इंजिनियर आहेत माझ्याकडे, सीझनभर." मग त्या कमरेवर हात ठेवून सरळ म्हणाल्या, "आणि कशाला एवढी नाचतेस? काकांना ने की मागे! त्यांना तसंही दिसतंय कुठे?"



"काय म्हणालीस?" मावशी म्हणाली.

"खोटं आहे का?"

"त्यांना काय दिसतं आणि काय नाही, ते त्यांना ठरवू दे. तू तुझी दुर्बीण पुस." मावशी वळली. रस्ता ओलांडताना ती रडत होती का, मला सांगता येणार नाही. तिचा वेग इतका होता. पायरीवर आली आणि माझा दंड धरून म्हणाली, "तिचा राग नाही आला मला. मी काल रात्री अंथरुणात हेच मनात म्हटलं होतं. अगदी हेच. त्यांना तसंही दिसतंय कुठे."

आम्ही आत गेलो. पलंग रिकामा होता. उशी नव्हती, रेडिओ नव्हता. खिडकी उघडी होती, सताड उघडी, आणि गल्लीतला शब्दन्‌शब्द आत येत होता.

काका मागच्या खोलीत होते. भिंतीला धरून धरून गेले असतील. अरुंद खाटेवर, पत्र्याखाली, समोरच्या फळीकडे तोंड करून बसले होते. रेडिओ मांडीवर, बंद.

"इथे काय करताय?"

"मागे आलो," काका म्हणाले. "पाहुणा येतोय ना."

"कुणी सांगितलं?"

"फोटो पुसायला गेले, तेव्हाच कळलं. आज बाकीचं कळलं."

"उठा. चला पुढे."

"पाहुणा येतोय, भिंगरी."

"येऊ दे!"

"असं कसं येऊ दे? बाई एकट्या येणार, नवरा गेलेला. त्यांना काय दारातून परत पाठवणार? मला काय फरक पडतो? उन्हाळ्यात मी घरी असायचो कधी? मला मागची खोली सवयीची आहे."

"तुम्हाला माणसं बघायची होती."

"बघितली समज." त्यांनी हसायचा प्रयत्न केला. "आणि खरंच, दिसतंय कुठे."

तेव्हा मावशी जी भडकली! मी तिला असं कधी बघितलं नव्हतं. तिने आधी उशी उचलली आणि पुढच्या खोलीत नेऊन आदळली. परत आली, रेडिओ नेला. परत आली, पांघरूण नेलं. काका म्हणत होते, "अगं, अगं," आणि ती येरझाऱ्या घालत होती, प्रत्येक फेरीत एक वाक्य. "माझ्या आजीने खोली दिली!" पाणी पिण्याचा तांब्या गेला. "माझ्या आईने दिली!" चपला गेल्या. "मी दिली, बाळंतीण असताना दिली, ताप असताना दिली!" शेवटी काकाच उरले. ती त्यांच्यासमोर उभी राहिली, दम लागलेला. "ह्या घरात एकाने तरी एकदा नाही म्हणायला हवं. ते तुम्ही म्हणणार नाही. म्हणजे मलाच म्हणावं लागणार. उठा, नाहीतर खाटेसकट ओढीन."

काका उठले. त्या संध्याकाळी मावशीने खिळ्यांवर सगळे फोटो परत लावले. लग्नाचा, मुलाचा, आजीचा. एक वाकडा राहिला.

बाई येणार त्या सकाळी मावशी उजाडल्यापासून घोकत होती. "यंदा खोली नाही. बाई, यंदा खोली द्यायची नाही असं ठरवलंय. बाई, माफ करा, यंदा..." मला विचारलं, "कुठलं बरं वाटतं?"

"दुसरं. पण बोलताना इकडेतिकडे बघू नकोस, आणि हात पुसू नकोस."

"हात काय करू मग?"

"सोडून दे."

"हात सोडून कुणी उभं राहतं का?" ती वैतागली. मग तिने ठरवलं, की दारात सांगणं वाईट. बस थांब्यावरच गाठून सांगावं, म्हणजे बाईंना परतीची बस तरी मिळेल. लगेच तिला स्वतःचीच लाज वाटली, आणि तरी ती गेली. घरात बसून वाट बघणं तिला जमलंच नसतं.

बसून राहिली असती तर बरं झालं असतं. बाई बसने आल्याच नाहीत. मुलाने टॅक्सीने पाठवलं होतं. त्या सवयीप्रमाणे फाटक ढकलून, दार लोटून सरळ पुढच्या खोलीत शिरल्या. मी स्वयंपाकघरात होते. मला आवाज आला.

"अगं बाई, माफ करा हं! मी चुकीच्या घरात आले वाटतं."

"कुठे जायचं होतं?" काका.

"त्या... भिंगरीबाईंकडे. खिडकी तर तीच आहे. पण हे फोटो..."

"घर तेच आहे. बसा."

मी दाराशी गेले, तर बाई खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या. लहानखुऱ्या, मांडीवर पिशवी, पिशवीतून डोकावणारी जाड शाल. काका भिंतीकडे बघत होते, म्हणजे त्यांच्याचकडे. भिंतीवरचा एकेक फोटो बाई बघत होत्या. इतकी वर्षं ज्या खोलीत त्यांचं सुख नांदलं, त्या खोलीत कुणाची माणसं राहतात हे त्यांना पहिल्यांदा दिसत होतं.

तेवढ्यात मावशी धावत आली. घामाघूम, केस विस्कटलेले. दारातच थबकली. बाईंनी हसून तिच्याकडे बघितलं, आणि मला वाटलं, संपलं. आता ही "या या" म्हणणार.

मावशीने हात पुसायला पदर शोधला. मग हात सोडून दिले.

"बाई," ती म्हणाली, "ही खोली यंदा नाही देता येणार. फोनवर मी हो म्हटलं, ते सवयीनं म्हटलं. ह्यांचे डोळे चाललेत. ह्यांना हा उन्हाळा ह्या खिडकीतून बघायचाय. तुम्हालाही बघायचाय, मला माहीत आहे. पण ही खोली ह्यांची आहे."

 बाईंचं हसू हळूहळू गेलं. त्या पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळत राहिल्या. त्यांना लागलं होतं, आणि ते त्या लपवतही नव्हत्या.

"मग मी...?" त्या म्हणाल्या. "टॅक्सी तर गेली."

"तुम्ही मागे राहा. आमच्या खोलीत. हवे तेवढे दिवस."

"मागे काय आहे?"

"आम्ही."

बाईंना कळेना. "म्हणजे? उन्हाळ्यात तुम्ही तुमच्या दुसऱ्या घरी जाता ना?"

आता मावशीला कळेना. "कुठल्या दुसऱ्या?"

"आम्ही दोघं नेहमी म्हणायचो, ह्या लोकांचं मोठं घर असणार कुठेतरी, हे नुसतं सुट्टीवाल्यांसाठी ठेवलंय."

मावशी एकदम हसली. अगदी नको त्या वेळी, फिस्सकन. "या," ती म्हणाली, "आमचं मोठं घर दाखवते."

मी मागून गेले. बाई मागच्या खोलीच्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या. पत्रा, दोन खाटा, दोरीवर कपडे. मग त्यांनी फळीची भिंत बघितली, तिच्यावर बोटाने टकटक केलं, पलीकडून काका "या!" म्हणाले. बाई लाल झाल्या.

"म्हणजे इतकी वर्षं आमचं सगळं तुम्हाला ऐकू यायचं?"

"सगळं नाही हो," मावशी घाईने म्हणाली. "भांडणं तेवढी."

"कुठली?"

"एकदा छत्रीवरून. एकदा तुमच्या नणंदेवरून, ते लांबलं होतं. एकदा त्यांनी तुमचं पुस्तक पाण्यात पाडलं." मावशी दोरीवरचे कपडे भराभर काढत बोलत होती. "आणि भांडण झालं की तुम्ही तडक खाली वाळूवर जायचात. मग ते खोलीत एकटेच तालीम करायचे."

"कसली तालीम?"

"माफी मागायची. मोठ्यानं. 'चुकलं माझं.' मग म्हणायचे, 'नाही, असं नको.' मग, 'हे बघ, मी जरा जास्त बोललो.' मग पुन्हा, 'छे छे.' चांगलं वाक्य सापडेपर्यंत. आम्ही इकडे तोंड दाबून हसायचो. आणि मग खाली जाऊन तुम्हाला काय म्हणायचे?"

बाई खाटेवर बसल्या. "काही नाही," त्या म्हणाल्या. "नुसते शेजारी येऊन बसायचे. मला वाटायचं, ह्या माणसाला कधी चुकलं असं वाटतच नाही."

मावशीच्या हातात कपड्यांचा ढीग होता. ती तो ठेवायला वळली आणि पुन्हा बाईंकडे वळली.

"पुस्तक पाडलं तेव्हा काय म्हणाले होते?" बाईंनी विचारलं. "आठवतंय?"

"आठवतंय ना. थांबा, चहा टाकते आणि सांगते."

"चहा नंतर. आधी सांगा."

बाई मागेच राहिल्या. खिडकीचं नाव त्यांनी त्या दिवशी तरी पुन्हा काढलं नाही. जेवल्यावर त्या खाटेवर आडव्या झाल्या, फळीला अगदी लागून, कान भिंतीशी.

दुपारी किनारा भरला. वाळूवर छत्र्या, पाण्यात डोकी. मावशीने भांडी घासली, ओटा धुतला, अंगण झाडलं, आणि मग तिला करायला काही उरलं नाही. ती पुढच्या खोलीत आली आणि जग बुडालं तरी चालेल अशा तयारीने काकांच्या समोर, पलंगावर बसली. दोन्ही पाय वर घेऊन. मी तिला अशी बसलेली पहिल्यांदा बघत होते.

"बसले बघा," ती म्हणाली. "आता सांगा, काय काय दिसतंय?"

काकांनी मान इकडे केली, तिकडे केली. "उठ," ते म्हणाले.

"का?"

"उठ ना. बसलीस की जातेस."

"कुठे जाते? ही काय समोर आहे!"

"समोरच जातं सगळं. मधे आलीस की डागात जातेस. हाललीस की कडेने दिसतेस." त्यांनी खिडकीकडे हात केला. "समुद्रातली माणसंही तशीच. हलतात तेवढी दिसतात. तरंगत पडली की नाहीशी होतात. मग माझा हात गळ्याशी जातो. ती शिट्टीची सवय काही जात नाही."

"आयुष्यभर बस बस म्हणालात," मावशीचा आवाज चढला, "आणि आज बसले तर—"

"आज फिर."

ती उठली. खोलीत एक चक्कर मारली, दारापर्यंत, परत. काकांचा चेहरा तिच्यामागून हळूहळू वळत होता, जरा उशिरा. तिने वाकडा फोटो सरळ केला. मग खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "सीझनमध्ये मी कधी पाण्यात गेलेच नाही. मला वेळ कुठे होता?" आणि चपला न घालता बाहेर पडली.

मी काकांच्या खिडकीशी उभी राहिले. मावशी माणसांमधून वाट काढत, छत्र्यांना वळसे घालत गेली, आणि थेट पाण्यात शिरली, कपड्यांनिशी. काकांचा हात गळ्याशी गेला होता.

"कुठवर गेली?"

"गुडघ्याएवढ्या पाण्यात आहे. तुम्हाला दिसत नाही?"

"दिसतेय, डाव्या कडेला. थांबली तर सांग मला."

लाट आली. मावशी ओरडली, उडी मारली, कुणाच्यातरी पोराशी काहीतरी बोलली, त्याला पाणी उडवलं, पुढे सरकली, मागे सरकली, बांधाकडे चालू लागली, पुन्हा वळली. काकांची मान तिच्यामागे फिरत होती.

"थांबली का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

थोड्या वेळाने पुन्हा, "आता?"

"नाही, काका."

त्यांचा हात गळ्यापासून खाली आला आणि चहाचा कप चाचपायला लागला. मी तो त्यांच्या हातात दिला.